पत्र कोठे अडले?

“आम्ही पत्र पाठविले होते” आणि “आम्हांस पत्र मिळालेच नाही” ही दोन वाक्ये समोरासमोर आली की भांडणास तोंड फुटते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कागदी टपालाच्या काळी निदान एक सोय होती. पाकिटावर टपालकचेऱ्यांचे शिक्के असत आणि ते पाहून पत्र कोणत्या गावी किती दिवस पडून होते, ते सांगता येई. आज चौकशीची नोटीस, मुलाखतीचे बोलावणे, शिकाऊ उमेदवाराचे नेमणूकपत्र, पगाराची पावती, संघटनेचे मागणीपत्र ही सारी ई-मेलने जातात. ई-मेल म्हणजे विजेच्या वेगाने जाणारे पत्र, अशी सर्वांची समजूत आहे. त्यामुळे ते उशिरा पोहोचू शकते हेच कोणी मान्य करीत नाही, आणि उशीर झाला असे जो म्हणतो तो खोटा ठरतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात अशा खोट्या ठरलेल्या माणसांशी आमचा नित्य संबंध येतो, म्हणून हा विषय येथे मांडावयास घेतला आहे. हा संगणकशास्त्राच्या पदवीधरांचा विषय आहे असे समजून कोणी बिचकू नये. ज्याने कारखान्याचे गेट पाहिले आहे त्याला यातील मूळ गोष्ट कळण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट ही की, ई-मेल एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे थेट जात नाही. भोसरीतल्या लहान वर्कशॉपचा मालक आपला माल चाकणच्या कारखान्यात स्वतः डोक्यावर घेऊन जात नाही. तो माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात देतो, तेथून ट्रक निघतो, कारखान्याच्या गेटवर नोंद होते आणि मग माल स्टोअरमध्ये जातो. ई-मेलचेही तसेच आहे. आपण ‘पाठवा’ हे बटण दाबतो तेव्हा पत्र आपल्या मेल सर्व्हरकडे जाते. सर्व्हर म्हणजे सदैव चालू असलेला, पत्रे घेणारा व पुढे धाडणारा संगणक. हेच आपले गोदाम. हा सर्व्हर पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढचे नाव पाहतो आणि त्या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरवर द्यावयाची हे इंटरनेटच्या नामसूचीत, म्हणजे डीएनएसमध्ये, शोधतो. मग तो त्या दुसऱ्या सर्व्हरच्या दारात जाऊन पत्र देऊ करतो. तेथे ते स्वीकारले गेले तरच पत्र समोरच्या माणसाच्या पेटीत पडते. ‘पाठविले’ असा शब्द आपल्या फोनवर उमटतो, त्याचा अर्थ एवढाच की माल गोदामात पोहोचला. ट्रक गेटमधून आत गेला की नाही, याबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही.

दोन सर्व्हर दारात काय बोलतात याचे नियम ठरलेले आहेत. जॉन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते ऑगस्ट १९८२ मध्ये ‘एसएमटीपी’ या नावाने लिहून काढले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये जॉन क्लेन्सिन यांनी त्यांची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली. दारावरचा सर्व्हर प्रत्येक वेळी तीन आकड्यांचे उत्तर देतो आणि त्यातील पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो. पत्राचा मजकूर देऊन झाल्यावर दोनने सुरू होणारे उत्तर आले, उदाहरणार्थ २५०, तर पत्र स्वीकारले. पाचने सुरू होणारे उत्तर, उदाहरणार्थ ५५०, म्हणजे कायमचा नकार: या नावाचा माणूस येथे नाही, परत जा. आणि चारने सुरू होणारे उत्तर, उदाहरणार्थ ४२१, ४५० किंवा ४५१, म्हणजे “आता नाही, थोड्या वेळाने या.” वॉचमनने ट्रकवाल्याला “आमच्याकडे असा माल लागतच नाही” म्हणणे वेगळे, आणि “आत जागा नाही, बाजूला लावा” म्हणणे वेगळे. पहिल्या उत्तरावर ट्रक मागे फिरतो आणि पाठविणाऱ्याला कळते. दुसऱ्या उत्तरावर ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि पाठविणाऱ्याला काहीच कळत नाही. ई-मेलच्या विलंबाचे जवळजवळ सारे प्रकरण या चारच्या आकड्यात आहे.

या दोन उत्तरांची गल्लत झाली तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण डिसेंबर २०२० मध्ये जगाने पाहिले. गूगलच्या जीमेल सेवेत बदल करताना व्यवस्थेत दोष राहिला, आणि काही तास जीमेलचे सर्व्हर अस्तित्वात असलेल्या पत्त्यांबद्दलही “असा पत्ता नाही” असे ५५० चे उत्तर देऊ लागले. चारचे उत्तर मिळाले असते तर पाठविणाऱ्या सर्व्हरांनी पत्रे जपून ठेवून नंतर पुन्हा दिली असती. पाचच्या उत्तरामुळे ती परत फिरली, आणि कित्येक ठिकाणी खरे पत्ते याद्यांतून कायमचे काढून टाकले गेले. तेव्हा चारचे उत्तर त्रासदायक असले तरी ते पत्राला जिवंत ठेवणारे उत्तर आहे, हे विसरता कामा नये.

“थोड्या वेळाने या” असे उत्तर का मिळते? कारणे अनेक आहेत. समोरची पेटी भरलेली असते. समोरच्या सर्व्हरवर गर्दी झालेली असते. एकाच ठिकाणाहून थोड्या वेळात फार पत्रे येऊ लागली की मोठ्या टपालसेवा त्या ठिकाणाला काही काळ रोखून धरतात. आणखी एक कारण मुद्दाम निर्माण केलेले आहे. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी ‘ग्रेलिस्टिंग’ नावाची युक्ती मांडली. अनोळखी सर्व्हरकडून, अनोळखी पाठविणाऱ्याचे पत्र प्रथमच आले, की त्यास जाणूनबुजून चारचे उत्तर द्यावयाचे. खरा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो आणि मग त्यास आत घेतात. फुकट जाहिराती उधळणारे यंत्र बहुधा परत येण्याची तसदी घेत नाही. म्हणजे ज्या माणसाने आपणांस यापूर्वी कधीही पत्र लिहिले नाही, त्याचे पहिलेच पत्र उशिरा येणे हे अशा ठिकाणी व्यवस्थेचेच काम असते. नोकरीचे पहिले बोलावणे नेमके याच प्रकारात मोडते, हे लक्षात घ्यावे. याखेरीज कधी दाराशी पोहोचताच येत नाही. नामसूची उत्तर देत नाही, किंवा वाटेतील जोडणी तुटलेली असते. पाठविणारा सर्व्हर त्यालाही तात्पुरती अडचणच समजतो.

आता मुख्य प्रश्न असा की, परत पाठविलेला सर्व्हर पुन्हा केव्हा येतो? यासाठी तो पत्र रांगेत ठेवतो आणि ठराविक अंतराने पुनःप्रयत्न करतो. २००८ च्या नियमावलीत सल्ला आहे की, दोन प्रयत्नांत साधारणपणे निदान ३० मिनिटांचे अंतर असावे. पहिल्या तासात दोन प्रयत्न करावेत आणि मग दर दोन-तीन तासांनी एक. आणि निदान चार ते पाच दिवस आशा सोडू नये. निरनिराळे सर्व्हर हा सल्ला आपापल्या परीने पाळतात. वित्झे वेनेमा यांचा ‘पोस्टफिक्स’ मुळातल्या मांडणीप्रमाणे ३०० सेकंदांनी पुन्हा जातो, मग अंतर वाढवीत ४,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांपर्यंत नेतो आणि पाच दिवसांनी पत्र परत करतो. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ‘एक्झिम’ पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी जातो, मग एक तास, दीड तास, सव्वादोन तास असे अंतर दीडपटीने वाढवितो, आणि सोळा तासांनंतर दर सहा तासांनी जात राहून चार दिवसांनी थांबतो. सर्व्हर सांभाळणारा मनुष्य हे आकडे बदलू शकतो.

अंतर वाढवीत नेण्याचे कारण काय? चाकणच्या चौकात नाशिक रस्त्यावर कोंडी झाली असता प्रत्येक गाडीने दर मिनिटाला पुढे घुसावयाचे ठरविले तर काय होते, ते आपण रोज पाहतो. कोंडी सुटण्याऐवजी घट्ट होते. आजारी पडलेला सर्व्हर शुद्धीवर येत असताना हजार सर्व्हरांनी एकदम दार ठोठावले तर तो पुन्हा आडवा होईल. म्हणून प्रत्येकाने जरा जास्त थांबावयाचे, ही शिस्त आहे. परंतु या शिस्तीची एक किंमत आहे, आणि विलंबाचा हिशेब करताना तीच विसरली जाते. समजा, दार सकाळी साडेनऊला उघडले, पण आपला सर्व्हर नऊ वाजता नकार घेऊन गेला होता आणि आता साडेबाराला येणार आहे. मग ते तीन तास दार उघडे असूनही पत्र बाहेरच राहते. अडथळा दूर झाला म्हणजे विलंब संपला असे नाही. पुढचा प्रयत्न होईपर्यंत तो चालूच राहतो.

ही सोशीक पद्धत आपल्या देशाला अगदी नवी नाही. १९८६ साली सुरू झालेल्या ‘एर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याची पहिली सेवा टपालाचीच होती. मुंबईच्या जुहू भागातील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे एक प्रमुख ठिकाण होते आणि डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा त्या कार्यात मोठा वाटा होता. त्या काळच्या व्यवस्थेत संगणक टेलिफोनवरून एकमेकांना गाठून साठलेली पत्रे एकदम देत घेत. फोन लागला नाही तर पत्रे थांबत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढे जोडण्या वेगवान झाल्या, पण थांबून पुन्हा जाण्याचा नियम कायम राहिला. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील तारा तुटल्या आणि भारताचा परदेशाशी होणारा दळणवळणाचा फार मोठा भाग ठप्प झाला. अशा प्रसंगी पत्रे नष्ट न होता उशिरा का होईना पोहोचतात, ती याच नियमामुळे. रांग ही ई-मेलची दुर्बलता नसून तीच त्याची ताकद आहे. अन्याय होतो तो रांगेमुळे नव्हे. रांग अस्तित्वातच नाही असे गृहीत धरल्यामुळे होतो.

चाकण भागातील सुट्या भागांच्या एका कारखान्यातील प्रकरण सांगतो. एका कामगारावर आरोपपत्र होते आणि मंगळवारी सकाळी ११ वाजता त्याची चौकशी ठेवली होती. तिची नोटीस सोमवारी संध्याकाळी ई-मेलने धाडली गेली. कामगार चौकशीस आला नाही; चौकशी अधिकाऱ्याने ‘गैरहजर’ अशी नोंद करून काम एकतर्फी चालविले. कामगार म्हणे, पत्र दुपारी आले. कचेरीतील कारकून म्हणे, मी सोमवारी स्वतः बटण दाबले. आम्ही पत्राचे शीर्ष उघडून पाहिले. शीर्ष म्हणजे प्रत्येक पत्रावर सर्व्हरांनी मारलेल्या शिक्क्यांची यादी. ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने प्रत्येक शिक्का सुरू होतो, आणि नवा शिक्का नेहमी वर बसतो. म्हणून वाचन खालून वर करावयाचे. खालचा शिक्का कारखान्याच्या स्वतःच्या सर्व्हरचा होता: सोमवार, १८ वाजून २१ मिनिटे. त्याच्या वरचा शिक्का कामगाराच्या टपालसेवेचा: मंगळवार, ७ वाजून ८ मिनिटे. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने लगेच बोट ठेवले, “पाहा, सकाळी सातलाच पोहोचले आहे, चार तास हाताशी होते.”

परंतु वेळेच्या पुढे आणखी एक आकडा असतो. पहिल्या शिक्क्यापुढे ‘+०५३०’ असे होते, म्हणजे भारतीय वेळ. दुसऱ्यापुढे ‘+००००’ असे होते, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळविले की भारतात १२ वाजून ३८ मिनिटे होतात. पत्र चौकशी सुरू झाल्यावर दीड तासाहून अधिक वेळाने पोहोचले होते. १८ तास १७ मिनिटे ते कारखान्याच्याच सर्व्हरवर रांगेत होते. कारखान्याच्या संगणक विभागातील माणसाने सर्व्हरची रोजनिशी काढली तेव्हा उलगडा झाला. त्याच दिवशी तेथून दरपत्रकांची हजारो पत्रे सुटली होती. त्यामुळे समोरच्या टपालसेवेने त्या सर्व्हरला चारचे उत्तर देऊन रोखले होते. रात्रभर प्रयत्नांतील अंतर वाढत गेले. सकाळी ९ वाजून ६ मिनिटांनी शेवटचा नकार मिळाला आणि त्यानंतरचा प्रयत्न १२ वाजून ३८ मिनिटांनी यशस्वी झाला. कारकून खरे बोलत होता आणि कामगारही खरे बोलत होता. एकतर्फी नोंद रद्द झाली आणि चौकशीस नवी तारीख मिळाली. चौकशीचा निकाल काय लागावा हा वेगळा प्रश्न. माणसाला आपली बाजू मांडता आली पाहिजे, एवढाच येथे मुद्दा होता.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ प्रमाणे, उभय पक्षांत वेगळे ठरले नसेल तर, पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकव्यवस्थेत पत्राचा प्रवेश झाला म्हणजेच ते ‘रवाना’ झाले असे मानतात. स्वतःच्या सर्व्हरच्या रांगेत उभे असलेले पत्र अजून घरातच आहे. मिळण्याबद्दलही नियम आहे. घेणाऱ्याने अमुक पत्त्यावर पाठवा असे सांगितले असेल, तर त्या व्यवस्थेत पत्र शिरताच ते मिळाले असे धरतात, मग त्याने ते उघडलेले असो वा नसो. सांगितलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर धाडले, तर मात्र तो ते प्रत्यक्ष काढून घेईल तेव्हा मिळाले असे समजतात. म्हणून नोकरीच्या अर्जावर कोणता पत्ता लिहितो, याचा विचार प्रत्येकाने करावा. चुलतभावाने तयार करून दिलेला आणि कधीही न उघडलेला पत्ता तेथे लिहू नये.

सर्व्हर सांभाळण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तपास कोणत्या क्रमाने करावा? प्रथम रांग पाहावी. पोस्टफिक्स व एक्झिमवर ‘मेलक्यू’ ही आज्ञा रांगेतील पत्रे दाखविते. एकाच ठिकाणची पत्रे तुंबली असतील तर दोष बहुधा त्या वाटेवर. सर्व ठिकाणची तुंबली असतील तर दोष घरात, म्हणजे नामसूची, जोडणी किंवा भरलेली डिस्क. मग रोजनिशीत समोरच्याने दिलेला आकडा व त्यापुढील वाक्य अक्षरशः वाचावे. तर्क त्यानंतर करावा. पोस्टफिक्सच्या रोजनिशीत विलंबाचे चार भाग अलग लिहिलेले असतात: रांगेच्या व्यवस्थापकाकडे येण्यापूर्वीचा वेळ, रांगेतला वेळ, जोडणी जुळविण्याचा वेळ आणि मजकूर देण्याचा वेळ. कोणता भाग फुगला आहे हे दिसले की निम्मा तपास झाला. घड्याळे तपासावीत, एका सर्व्हरचे घड्याळ मागे असेल तर पत्र पाठविण्यापूर्वीच पोहोचल्याचा चमत्कार दिसतो. आणि कारण दूर करण्यापूर्वी सारी रांग जबरदस्तीने पुन्हा पुन्हा ढकलू नये. त्याने समोरचा सर्व्हर अधिकच सावध होतो. दरपत्रके व नोटिसा एकाच वाटेने सोडू नयेत, हे तर चौकशीच्या प्रकरणावरून उघडच आहे.

आणखी एक सुधारणा अगदी स्वस्त आहे. पत्र रांगेत अडकले असता पाठविणाऱ्याला सूचना देण्याची सोय सर्व्हरमध्ये असते. सेंडमेल या जुन्या सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत चार तासांनी अशी सूचना येते, एक्झिममध्ये २४ तासांनी; पोस्टफिक्समध्ये ती मुळात बंदच असते. ती चालू केली असता कारकुनाला त्याच रात्री कळते की नोटीस अजून दारातच आहे.

आणि ज्यांच्या हाती सर्व्हर नाही, अशा आपणांसारख्यांनी काय करावे? मुदतीच्या शेवटच्या तासावर विसंबू नये. महत्त्वाचे पत्र निदान एक दिवस आधी धाडावे आणि पोच मागून घ्यावी. पोच आली नाही तर दूरध्वनी करावा, किंवा हाती कागद देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यावा. पत्र उशिरा आले असे वाटले तर ते पुसू नये, आणि नुसते छायाचित्र काढून समाधान मानू नये. छायाचित्रात शिक्के येत नाहीत. संगणकावर पत्र उघडून, जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय निवडून, संपूर्ण शीर्षासह प्रत जतन करावी. पत्रावरची ‘दिनांक’ ही ओळ पाठविणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेली असते. तिच्यावरून पोहोचण्याची वेळ ठरत नाही. अगदी खालचे शिक्के बनावट असू शकतात, म्हणून आपल्या स्वतःच्या टपालसेवेचा शिक्का हाच भरवशाचा मानावा. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अशा विद्युत् नोंदीबरोबर न्यायालयात प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा मूळ पत्र पेटीत जपून ठेवणे हीच पहिली खबरदारी.

मोठे वकील किंवा मोठे तज्ज्ञ ज्याच्या पाठीशी आहेत, त्याला शिक्के वाचून दाखविणारे कोणी ना कोणी मिळतेच. ज्याची नोकरी एका पत्रावर टांगलेली आहे, त्याला ते स्वतः वाचता आले पाहिजेत. त्यासाठी लागणारी विद्या एवढीच आहे: खालून वर वाचणे, साडेपाच तास मिळविणे, आणि दोन, चार व पाच या आकड्यांतला फरक ओळखणे. चौथीतल्या मुलालाही हे गणित एका संध्याकाळी येईल. ते त्याने घरी आईबापांना शिकवावे.